संशयात्मा फादर गोरे

गुरुवार पेठेतून कॉलेजला येताना पंचहौद चर्चचा उंच मनोरा मला रोज दिसतो. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये घेतलेल्या चहाने पुण्यात केवढे वादळ उठवले, हे आपण सारेच जाणतो. एका पेल्यापायी न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. मग ज्याने धर्मच बदलला, त्याचे काय झाले असेल? हा विचार मनात आला की मला फादर नेहेम्या, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीलकंठशास्त्री गोरे आठवतात.

१८२५ मध्ये झाशीजवळ जन्मलेले हे चित्पावन शास्त्री काशीत वाढले, न्यायशास्त्रात तयार झाले. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्यांनी लेखणी उचलली आणि खंडन करता करता स्वतःच त्यात गुंतले. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही काशीत नव्हे, जौनपुरात. त्या काळी याचा अर्थ एकच होता: जातीतून उठणे आणि आप्तांच्या लेखी मरणे. पुढे काही वर्षांतच पत्नी वारली. लहानग्या एलन लक्ष्मीला त्यांनी परक्यांच्या हाती सोपवले. ती इंग्लंडात वाढली.

धर्मासाठी संसार सोडणाऱ्यांच्या कथा आपण कौतुकाने वाचतो. मला मात्र त्या पोरक्या मुलीची आठवण होते. फादर गोऱ्यांचा हा दोष झाकावा असे मला वाटत नाही.

आणखी एक उणीव होती. ज्या धर्मासाठी सर्वस्व दिले, त्याविषयीच्याच शंका त्यांना जन्मभर छळत राहिल्या. तर्काची जुनी सवय सुटेना. १८७० मध्ये ते धर्मगुरू झाले, पुढे कौलीच्या संन्यस्त संघात गेले. पण तिथे अखेरची व्रते घेतली नाहीत, उमेदवारच राहिले.

तरीही पंडिता रमाबाईंच्या शंकांना उत्तर द्यायला गोरेच पुढे आले. १८८३ मध्ये रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्यात गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. स्वतःचे मन स्थिर नसता दुसऱ्याला वाट दाखवणे मला आधी ढोंग वाटले. आता वाटत नाही. शंकेने ज्याची झोप उडवली आहे, तोच दुसऱ्याच्या शंकेची थट्टा करीत नाही.

१८९५ मध्ये गोरे मुंबईत वारले. संशयात्म्याचा नाश होतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हा संशयात्मा मात्र बाहेरचा बहिष्कार आणि आतला संशय दोन्ही सोशीत सत्तेचाळीस वर्षे निवडलेल्या वाटेवर चालत राहिला. श्रद्धा म्हणतात ती हीच असेल काय?