सर नॉर्मन ग्रेग

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी १९४१ सालच्या आरंभी नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाकडे एकामागून एक अशी तान्ही बालके येऊ लागली, की ज्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या पांढुरक्या दिसत. उतारवयात होणारा मोतीबिंदू या बालकांना जन्मतःच झालेला होता. हा विकार डॉक्टरांना अपरिचित नव्हता. परंतु तो क्वचित आढळे, आणि तो वारशाने येतो अशी समजूत होती. येथे मात्र थोड्याच महिन्यांत इतकी बालके यावीत, आणि त्यांच्या घराण्यांत पूर्वी कोणासही तो झालेला नसावा, हे नवलच होते.

ग्रेग यांचा जन्म ७ मार्च १८९२ रोजी सिडनी येथेच झाला. ते विद्येत जसे हुशार, तसेच टेनिस आणि क्रिकेट या खेळांतही तरबेज होते. १९१५ साली वैद्यकाची पदवी मिळताच ते पहिल्या महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. तेथे त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. युद्ध संपल्यावर इंग्लंडात नेत्रवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १९२३ साली स्वदेशी परतले आणि व्यवसाय करू लागले. पुढे दुसरे महायुद्ध पेटले. अनेक डॉक्टर आघाडीवर गेले आणि मागे राहिलेल्यांवर कामाचा मोठा भार पडला. परंतु त्या धांदलीतही ग्रेग यांनी या बालकांकडे वरवर पाहिले नाही.

त्यांनी बारकाईने तपासणी आरंभिली. बहुतेक बालके वजनाने कमी व अशक्त होती. त्यांना नीट दूध पिता येत नसे, आणि कित्येकांच्या हृदयातही दोष होता. मोतीबिंदूचा दाट डाग भिंगाच्या मध्यभागी होता, ही गोष्ट ग्रेग यांना विशेष महत्त्वाची वाटली. डोळ्यातील भिंग कांद्याप्रमाणे थरांवर थर चढून वाढते. सर्वांत आतला भाग तेवढा आरंभी तयार होतो. तेव्हा जी काही हानी झाली, ती बालक आईच्या उदरात असताना, आणि तीही अगदी पहिल्या महिन्यांत झाली असली पाहिजे, असे त्यांनी ताडले. बालकांच्या जन्मतारखांपासून ते महिने मागे मोजीत गेले, तेव्हा हिशेब १९४० सालाशी येऊन थांबला. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात जर्मन गोवराची, म्हणजे रुबेलाची, मोठी साथ आली होती.

ग्रेग यांच्या दवाखान्यात बसलेल्या दोन माता एकदा आपसात बोलत होत्या. गरोदरपणी आपणांस जर्मन गोवर झाला होता, असे त्या एकमेकींना सांगत होत्या, आणि ते शब्द ग्रेग यांच्या कानी पडले, अशी हकीकत सांगतात. दुसऱ्या कोणी ते बोलणे बायकांच्या गप्पा म्हणून सोडून दिले असते. ग्रेग यांनी मात्र प्रत्येक मातेकडे चौकशी केली आणि अन्य ठिकाणच्या नेत्रतज्ज्ञांकडूनही माहिती मिळविली. अशी ७८ बालके त्यांच्या नोंदीत आली. त्यांपैकी अवघी १० वगळता बाकी सर्वांच्या मातांना गरोदरपणी हा आजार होऊन गेला होता, आणि बहुतेकींना तो पहिल्या दोन महिन्यांतच झाला होता.

रुबेला हा वास्तविक किती साधा आजार! थोडा ताप, अंगावर बारीक पुरळ, आणि तीन-चार दिवसांत सारे ओसरते. असा क्षुल्लक आजार उदरातील बालकाची दृष्टी हिरावून घेतो, हे १५ ऑक्टोबर १९४१ रोजी ग्रेग यांनी मेलबर्न येथे नेत्रतज्ज्ञांच्या सभेत मांडले. पुष्कळांना ते पटले नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय पत्राने १९४४ सालीदेखील हा संबंध सिद्ध झाल्याचे मानले नाही. शंका अगदीच निराधार नव्हती; कारण आजाराची माहिती मातांच्या आठवणीवरच अवलंबून होती.

दरम्यान आणखी एक दुःखद गोष्ट उघडकीस आली. ही बालके मोठी होऊ लागली, तरी त्यांतली काही हाकेला वळून पाहात नसत. ती बहिरी होती. ही गोष्टही प्रथम मातांच्याच ध्यानी आली, आणि ग्रेग यांनी तीही नोंदविली. पुढे १९५१ साली लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने जुन्या जनगणनांतील बहिऱ्या लोकांची जन्मवर्षे तपासली. १८९९ च्या सुमारास जन्मलेल्यांचा आकडा त्यांत एकदम फुगलेला होता, आणि त्याच सुमारास रुबेलाची साथ येऊन गेली होती. आता आठवणीचा प्रश्नच उरला नाही.

१९५३ साली ग्रेग यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९६२ साली शास्त्रज्ञांनी रुबेलाचा विषाणू वेगळा काढला. मात्र लस निघण्यास १९६९ साल उजाडले, आणि २७ जुलै १९६६ रोजी ग्रेग कालवश झाले होते. त्या लसीमुळे त्यांच्या मायदेशातून या रोगाचे २०१८ साली उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. भारतात गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ साली सुरू झाली. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरपासून शाळाशाळांतून ती टोचण्यात आली. ती मुलींप्रमाणे मुलांनाही दिली गेली. कारण शाळेतून हा आजार घेऊन येणाऱ्या मुलाच्या घरी त्याची आई पुन्हा गरोदर असू शकते.