राजाश्रयाकडून ग्राहकाश्रयाकडे : वासुदेवशास्त्री खरे यांचे ग्रंथजीवन

वासुदेव वामन खरे यांचा निर्देश मराठी वाङ्मयेतिहासात साधारणतः तीन नात्यांनी केला जातो. ऐतिहासिक लेखसंग्रहाचे संपादक, नाना फडनवीसांचे चरित्रकार आणि उत्तरवयात रंगभूमीकडे वळलेले नाटककार ही ती तीन नाती होत. त्यांच्या आयुष्याला आणखी एक बाजू आहे. पुण्या-मुंबईच्या ग्रंथबाजारापासून दूर, मिरजेसारख्या संस्थानी गावात बसून ज्यांनी ग्रंथ केवळ लिहिले नाहीत, तर ते छापवून घेऊन वाचकाच्या हाती पोचविण्याचा भारही वाहिला, अशा मोजक्या मराठी विद्वानांत शास्त्रीबोवांची गणना करावी लागते. दप्तर जपणारा सरदार, ते वाचणारा संशोधक, ते छापणारा मुद्रक आणि छापलेले विकत घेणारा वाचक अशी ही साखळी आहे. तिच्यातील शेवटचा दुवा सर्वांत कच्चा असतो आणि पहिल्या तिघांचे श्रम त्याच्यावरच अवलंबून राहतात, ही गोष्ट खऱ्यांच्या चरित्रातून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच अन्यत्र होते.

कृष्णाकाठचा सातारा-सांगलीचा टापू हा या चरित्राचा प्रदेश होय. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. वाई-साताऱ्यापासून मिरजेपर्यंतचा हा पट्टा मराठेशाहीच्या कागदपत्रांनी समृद्ध होता. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने येथेच मराठ्यांच्या इतिहासाची सामग्री जमविली. त्याचा ग्रंथ १८२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्यावर टीका लिहिल्यानंतर अस्सल कागद उजेडात आणण्याची निकड मराठी विद्वानांस जाणवू लागली. परंतु कागद सापडणे आणि ते छापून वाचकांसमोर येणे यांत बरेच अंतर होते.

हे अंतर जुन्या काळी राजाश्रयाने भरून काढले असते. सांगलीचेच उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सीतास्वयंवराचा प्रयोग केला. १८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि भाव्यांच्या मंडळीचा आधार तुटला. पुढे ही मंडळी गावोगाव फिरली आणि १८५३ साली मुंबईत तिने तिकीट लावून खेळ केले. ज्या कलेचा पोशिंदा कालपर्यंत दरबारात बसत होता तो आता दाराशी पैसे मोजून आत येऊ लागला. नाट्यकलेच्या बाबतीत घडलेले हे स्थित्यंतर ग्रंथाच्या बाबतीत अधिक मंद गतीने व अधिक कष्टाने घडले. खऱ्यांचे आयुष्य या दुसऱ्या स्थित्यंतराच्या ऐन मध्यावर उभे आहे.

त्यांचा जन्म ५ ऑगस्ट १८५८ रोजी कोकणात गुहागर येथे झाला. संस्कृताच्या अध्ययनासाठी ते घाट चढून साताऱ्यास आले आणि अनंताचार्य गजेंद्रगडकर यांच्यापाशी त्यांनी शास्त्राध्ययन केले. पारंपरिक पाठशाळेच्या त्या जगात ग्रंथ हा क्रयविक्रयाचा विषय नव्हता. पोथी गुरुगृही असे, विद्यार्थी ती उतरवून घेई आणि पाठांतर हाच तिचा खरा संग्रह मानला जाई. छापील पुस्तकांचा प्रवेश झाला होता. पण गावच्या दुकानात जे मिळे ते बहुधा पंचांग, पोथ्या, आरत्या आणि शाळाखात्याची क्रमिक पुस्तके. नवा विचार सांगणारा किंवा नवी माहिती देणारा ग्रंथ पैसे देऊन घरी आणावा, ही सवय समाजास अजून लागावयाची होती. विद्यादानाचा मोबदला न घेण्याची परंपरा ज्या समाजात आदराची, त्याच समाजात विद्येचे पुस्तक विकत घेणे हे मात्र काहीसे परके वाटे.

साताऱ्याहून खरे पुण्यास आले. १८८० साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते संस्कृतचे शिक्षक झाले. या शाळेच्या संस्थापकांपैकी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी केवळ निबंधमाला लिहून विश्रांती घेतली नव्हती. लेखन, मुद्रण, चित्रे आणि विक्री यांची एक स्वतंत्र व्यवस्था उभारल्यावाचून देशी भाषेतील विचार टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना आणि पुस्तकविक्रीसाठी काढलेला किताबखाना हे त्याच जाणिवेचे फळ होते. किताबखान्याचे महत्त्व नीट लक्षात घेतले पाहिजे. सरकारी बुक डेपोतून शाळाखात्यास हवी असलेली पुस्तके विकली जात. कोणते पुस्तक वाचकापर्यंत जावे याचा निर्णय तेथे खात्याकडे होता. स्वतंत्र पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात तो निर्णय लेखक, विक्रेता व ग्राहक या तिघांत होतो. शाळा, वृत्तपत्र, छापखाना आणि दुकान यांचे हे परस्परसंबद्ध जग तरुण खऱ्यांनी जवळून पाहिले. १८८२ साली चिपळूणकरांचे अकाली निधन झाले.

पुण्याचे वास्तव्य मात्र दीर्घ ठरले नाही. खरे मिरजेच्या विद्यालयात संस्कृतचे शिक्षक म्हणून गेले आणि मिरज हीच त्यांची आयुष्यभराची कर्मभूमी झाली. समुद्र हे काव्य, गुणोत्कर्ष हे नाटक आणि यशवंतराव हे महाकाव्य हे त्यांचे आरंभीचे लेखन होय. संस्कृत महाकाव्याचे संस्कार घेऊन आलेल्या शास्त्र्याने मराठीत लेखणी चालवावी, यात त्या पिढीच्या दृष्टीने नवल नव्हते. त्यांच्या प्रतिभेला खरे क्षेत्र लाभले ते इतिहासात. १८९२ साली त्यांनी लिहिलेले नाना फडनवीसांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि अभ्यासू चरित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले.

मिरजेचा लाभ हा की पटवर्धनांची दप्तरे तेथे हाताशी होती. गोविंद हरी, गोपाळराव, परशुरामभाऊ या पटवर्धन सरदारांनी पेशवाईच्या उत्तरार्धात कर्नाटकापासून उत्तरेपर्यंत मोहिमा केल्या. त्यांच्या छावण्यांतून, वकिलांकडून आणि पुण्याच्या कारभाऱ्यांकडून आलेली पत्रे घराण्यात जपली गेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सांगली मिरजेपासून वेगळी झाली, पुढे मिरजेच्याही थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या आणि कागद निरनिराळ्या वाड्यांत विखुरले. हे रुमाल सोडावयाचे, मोडी वाचावयाची, बाळबोधीत नक्कल करावयाची, सुहूर सन आणि तिथी यांवरून काळ ठरवावयाचा, निरुपयोगी वगळून उपयुक्त पत्रे क्रमाने लावावयाची, हे काम शाळेची नोकरी सांभाळून शास्त्रीबोवांनी केले. ऐतिहासिक लेखसंग्रहाचे प्रकाशन १८९७ साली सुरू झाले आणि त्यांच्या हयातीत त्याचे बारा भाग प्रसिद्ध झाले.

या संग्रहाचा एक विशेष त्याच्या ग्राहकाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. खऱ्यांनी पत्रे केवळ एकापुढे एक छापली नाहीत. पत्रांच्या गटापूर्वी त्या प्रसंगाची संगतवार हकीकत ते देतात. कोण कोणास कोणत्या परिस्थितीत लिहीत आहे हे सांगतात आणि मगच वाचकास मूळ कागदापाशी नेऊन उभे करतात. ही पद्धती संशोधकास जितकी सोयीची तितकीच सामान्य वाचकास आधार देणारी आहे. पुस्तक विकत घेणाऱ्याला ते वाचताही आले पाहिजे, ही जबाबदारी संपादकाने येथे स्वीकारलेली दिसते. जदुनाथ सरकारांसारख्या अन्य प्रांतीय इतिहासकाराने खऱ्यांच्या कार्याचा मोठा गौरव केला, त्यामागे हीही गोष्ट असावी.

प्रश्न होता तो हे भाग विकले जाण्याचा. संस्थानिकांचे सौजन्य दप्तराचे दार उघडण्यास अपरिहार्य होते. परंतु भागामागून भाग काढीत राहण्याचा भार खऱ्यांनी स्वतःच्या शिरावर घेतला. पत्रसंग्रह हा कादंबरीसारखा हातोहात खपणारा माल नव्हे. कागद व छपाई यांचे पैसे आधी द्यावे लागत आणि विक्रीचे पैसे सावकाश येत. पहिल्या भागाच्या प्रती पडून राहिल्या तर दुसऱ्याची छपाई अडे. गावोगावच्या विक्रेत्यास क्रमिक पुस्तकांची उलाढाल सोडून असा ग्रंथ फळीवर ठेवण्यात फारसे स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. परिस्थितीत काही अनुकूल बदलही होत होते. टपालाने पुस्तक पाठवून पोचल्यावर किंमत वसूल करण्याची व्ही. पी. पद्धत भारतात १८७७ पासून सुरू झाली होती, आणि पुढील दशकात मिरज आगगाडीने पुण्याशी जोडली गेली. लहान गावातील प्रकाशकास या सोयींनी दूरचा ग्राहक दिला. मात्र सोय म्हणजे ग्राहक नव्हे; पुस्तक मागविण्याची इच्छा कोणतेही टपालखाते निर्माण करू शकत नाही.

ही अडचण एकट्या खऱ्यांची नव्हती. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांचा काव्येतिहाससंग्रह १८७८ साली निघाला आणि सुमारे दशकभर चालून थांबला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली, म्हणजे खऱ्यांच्या उपक्रमानंतर वर्षभरातच प्रसिद्ध झाला. त्या खंडातील कागद वाईचे होते. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १९०८ साली इतिहाससंग्रह हे मासिक काढले. तेही काही वर्षांनी बंद पडले. राजवाडे विरक्त आणि फिरते, पारसनीस दरबारी वर्तुळात वावरणारे, तर खरे एका गावी स्थिरावलेले शाळाशिक्षक. स्वभाव व साधने इतकी भिन्न असूनही तिघांच्या कार्याची मर्यादा एकाच ठिकाणी येऊन ठेपते. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि संशोधनास संस्थेचे बळ मिळाले. पण तोवरचा काळ व्यक्तींनी स्वतःच्या खांद्यावर पेलला होता.

उत्तरवयात खरे पुन्हा नाटकाकडे वळले. तारामंडळ, चित्रवंचना, कृष्णकांचन, शिवसंभव आणि उग्रमंगल ही त्यांची नाटके १९१४ ते १९२२ या काळातील आहेत. उग्रमंगल बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. संगीत रंगभूमीचा तो ऐन वैभवाचा काळ होता. एका लेखकाच्या हाताखालून निघालेल्या दोन प्रकारच्या कृतींचे भवितव्य येथे तुलनेने पाहता येते. नाटकास तिकीट काढून येणारा प्रेक्षक भाव्यांच्या काळापासून घडत आला होता. शास्त्रीबोवांच्या नाटकास तो आयता लाभला. लेखसंग्रहास मात्र प्रत्येक भागागणिक आपला वाचक नव्याने शोधावा लागला. याच काळात इचलकरंजी संस्थानचा इतिहास (१९१३) आणि मालोजी व शहाजी (१९२०) हे ग्रंथही त्यांनी सिद्ध केले. इचलकरंजीचा इतिहास संस्थानाशी निगडित होता. लेखसंग्रह मुख्यतः वाचकावर विसंबून होता. जुना आश्रय आणि नवा आश्रय यांच्या सीमेवर ते अखेरपर्यंत उभे होते, असे यावरून म्हणता येईल.

११ जून १९२४ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. लेखसंग्रह त्यांच्याबरोबर संपला नाही. त्यांचे चिरंजीव यशवंत वासुदेव खरे यांनी पुढील भाग संपादून प्रसिद्ध केले. मिरज संस्थान १९४८ साली विलीन झाले, दरबार इतिहासजमा झाले; पण दरबारच्या कागदांतील जो भाग छापून वाचकांच्या घरी व ग्रंथालयांत पोचला होता तो अनेक ठिकाणी जिवंत राहिला. मूळ कागद एकच असतो, त्यास वाळवी, पाऊस आणि वाटण्या यांचे भय असते. छापील भागाची प्रत्येक विकली गेलेली प्रत ही त्या कागदाची एक राखणदार होय.

खऱ्यांच्या चरित्राचा वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकास होणारा बोध या ठिकाणी आहे. लेखनाच्या प्रेरणा, प्रभाव व प्रकार यांची चिकित्सा करताना ग्रंथविक्रेता आणि ग्रंथग्राहक यांस आपण सहसा तळटीपेत ठेवतो. वास्तविक एखाद्या ग्रंथमालेचा तेरावा भाग निघतो की नाही, हे संपादकाच्या विद्वत्तेवर जितके ठरते तितकेच पहिल्या भागाच्या शंभराव्या गिऱ्हाइकावर ठरते. त्याच साताऱ्याच्या मुलखात, महाबळेश्वर तालुक्यातील भिलार येथे २०१७ साली पुस्तकांचे गाव वसविण्यात आले. घराघरांत पुस्तके ठेवली गेली आणि येणाऱ्याने ती तेथे बसून वाचावीत अशी सोय झाली. ही घटना आनंदाचीच आहे. परंतु वाचनाची सोय आणि ग्रंथाची खरेदी या भिन्न गोष्टी होत. शासन फळ्या भरू शकते. पुढचे पुस्तक छापले जावे यासाठी गावच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानाची पायरी चढून पदरचे पैसे मोजणारा वाचकच लागतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मिरजेच्या एका संस्कृत शिक्षकाने सारी भिस्त ठेवली होती ती अशाच वाचकावर.