झाडू आधी आपल्याच अंगणात

गाडगेबाबांवर लिहितो म्हटल्यावर रूममेट हसला. स्वच्छतेचा निबंध तर सातवीतच लिहून झाला म्हणे! त्याचंही खरंच आहे. आपण बाबांच्या हातातला खराटा तेवढा लक्षात ठेवला, त्यांचं कीर्तन सोयीस्कर विसरलो.

मला ते आठवलं एका वेगळ्याच कारणानं. हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री वाद रंगला होता. कुठल्याशा हल्ल्याची बातमी मोबाईलवर आलेली. त्यांच्या धर्मातच खोट आहे, असं मी पोटतिडकीनं सांगत होतो. एका ज्युनियरनं शांतपणे विचारलं, की तुमच्या घरी शेतावरच्या गड्याला चहा कोणत्या कपात देतात? आमच्या गोठ्याच्या खुंटीला एक कान तुटलेला कप लहानपणापासून टांगलेला आहे. व्हायवात होतं तसंच झालं. उत्तर येत होतं, तोंडातून निघत नव्हतं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, आपल्याच जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीकडच्या शेणगावात, परिटाच्या घरी. बाप दारूपायी गेला. पोर मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे वाढलं, गुरं राखली, नांगर धरला. पुढे सावकारानं मामाची जमीन गिळली. शाळा नाहीच. पण डोकं असं, की भलेभले गार व्हावेत!

त्यांची पहिली लढाई कोणाशी झाली? स्वतःच्या जातभाईंशी. मुलीच्या बारशाला बोकड आणि दारू ही जातीची रीत. डेबूजीनं पंगतीत बुंदीचे लाडू वाढले. नातेवाईक खवळले, पण गडी हटला नाही. मला हा प्रसंग सगळ्यात मोठा वाटतो. परक्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं राव, सोयऱ्यांच्या पंगतीत उभं राहून नाही म्हणायला छाती लागते.

१९०५ साली घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी, डोक्यावर गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. ऋणमोचनला पौषातल्या यात्रेत लोक पूर्णेच्या चिखलात घसरून पडत, तिथं त्यांनी घाट उभा केला. पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरात अस्पृश्यांना कोणी आसरा देईना, म्हणून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. एवढ्या वाऱ्या केल्या, पण स्वतः विठ्ठलाच्या देवळात गेले नाहीत.

कीर्तन म्हणजे आपल्या वऱ्हाडी बोलीत उलटतपासणी. समोर बसलेले बहुतेक हिंदूच, आणि प्रश्नही त्यांनाच. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नाव वर येते, तर युद्धात बुडालेली जहाजं का काढत नाही? देवीला बोकड कशाला? शिवाशीव देवानं सांगितली का? हजारो माणसं खाली मान घालून हो-नाही करायची. दुसऱ्या धर्माची उणीदुणी काढून त्यांनाही टाळ्या घेता आल्या असत्या. ते त्या वाटेला गेले नाहीत.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी गाडीतच प्राण सोडला. आपल्या मार्कशीटवर त्यांचं नाव असतं, कारण २००५ पासून विद्यापीठच त्यांच्या नावाचं आहे. गाडगेनगरात समाधी आहे, बॅकलॉगचा फॉर्म भरायच्या आधी आपण तिथं हात जोडून येतो, एवढाच काय तो संबंध.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा खुंटीवरचा तो कप मी उकिरड्यावर टाकला आणि गड्याला घरातल्या कपात चहा दिला. तो घेईना. उभ्यानंच घुटमळत राहिला. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. परत यायच्या दिवशी गोठ्यात डोकावलो, तर खुंटीला स्टीलचा नवा पेला टांगलेला होता.