राहुटीत बाळ, बोर्डावर पाय : तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांची गोष्ट

धरणगाव (प्रतिनिधी) : चैत्र लागला की आपल्याकडे यात्रांचा हंगाम सुरू होतो. दिवसा बारागाड्या, संध्याकाळी नारळ-रेवड्या आणि रात्री लोकनाट्य. धरणगावपासून पाळधीपर्यंत कुठल्याही पारावर बसलेल्या जुन्या माणसांना विचारा की तमाशातली सगळ्यात मोठी बाई कोण, बहुतेक जण एकच नाव घेतील. विठाबाई. आजच्या पोरांनी मोबाईलवर त्यांच्याबद्दल एखादा व्हिडिओ पाहिला असेल, तोही बहुतेक त्या बाळंतपणाच्या गोष्टीचा. ती गोष्ट खाली येईलच. पण त्याआधी बाई कोण होत्या ते बघू.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूरचा. विठ्ठलाच्या गावात मुलगी झाली म्हणून नाव ठेवलं विठा. घरात तमाशा आजोबांपासून. आजोबा नारायण खुडे, मूळचे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. फड त्यांनी उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो नावारूपाला आणला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' असं फडाचं नाव. नारायणगाव म्हणजे जुन्नर तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव. तमाशाची पंढरी म्हणतात त्याला.

शाळेत विठाबाईंचं मन रमलं नाही. लावणी, गवळण, भेदिक ही सगळी गाणी लहानपणापासून कानावर पडत होती, आणि अगदी लहान वयात त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. कुणी गुरू नाही, क्लास नाही. फड हीच शाळा. आता तमाशात नुसतं नाचून भागत नाही, हे ज्यांनी कधी पूर्ण रात्र बसून पाहिला त्यांना माहीत आहे. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग लावण्या, आणि मध्यरात्रीनंतर वग. वग म्हणजे अख्खं नाटकच. त्यात राणी व्हायचं, रडायचं, रडवायचं, सोंगाड्यानं ऐनवेळी टाकलेल्या शब्दाला तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. माईक नसला तर शेवटच्या माणसापर्यंत आवाज गेला पाहिजे. विठाबाईंकडे नाच होता, गळा होता आणि अभिनय होता, तिन्ही. एकच गुण असलेली माणसं पुष्कळ असतात.

बाई तमाशात येणं ही फार जुनी गोष्ट नाही, हेही सांगायला पाहिजे. पूर्वी पुरुषच लुगडं नेसून नाच्या म्हणून नाचायचे. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई हिवरगावकर आल्या तेव्हापासून बाईचा पाय तमाशात पक्का झाला. विठाबाई त्यानंतरच्या पिढीतल्या. म्हणजे रस्ता झाला होता, पण काटे होतेच.

आता नावाकडे बघा. बाई एवढ्या मोठ्या झाल्या, तरी फडाच्या फलकावर नाव राहिलं ते 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. आपलं नाव, बापाचं नाव, जात आणि गाव. काही झाकलं नाही. मला यात मोठी गोष्ट दिसते. कारण ज्या गावांत या फडाला रात्री शिट्ट्या पडत, त्याच गावांत सकाळी त्या माणसांना विहिरीवर पाणी भरू दिलं जाईलच असं नव्हतं. फडाची राहुटी गावाबाहेर पडायची. रात्रीची टाळी वेगळी आणि दिवसाची वागणूक वेगळी, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या गावांत चाललेलं आहे. उगाच दुसऱ्या जिल्ह्याकडे बोट दाखवू नये.

१९५७ साली विठाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. वय तेव्हा अवघं बावीस. ज्या कलेचं नाव चारचौघांत घ्यायला लोक लाजत, त्या कलेतल्या पोरीचा दिल्लीनं मान केला. पुढे १९९० मध्ये दुसऱ्यांदा हा मान मिळाला.

मधे १९६२ चं चीनचं युद्ध आलं. तेव्हा नेफा म्हणत तो भाग, म्हणजे आजचा अरुणाचल. तिथे जवानांची करमणूक करायला विठाबाई गेल्या. कुठं जुन्नर, कुठं नेफा. मराठी न कळणारेही जवान समोर असतील, पण ढोलकीला भाषा लागत नाही.

आता बाळंतपणाची गोष्ट. विठाबाईंना नववा महिना भरत आलेला आणि फडाचे खेळ चालू. एका खेळात बोर्डावर नाचता-नाचताच कळा सुरू झाल्या. बाई मागे राहुटीत गेल्या. तिथे बाळंत झाल्या. नाळ कापायला काही नव्हतं, तर दगडानं ठेचून तोडली. लुगडं घट्ट आवळलं आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. समोरच्या लोकांच्या लक्षात आलं की मघाशी दिसणारं पोट आता दिसत नाही. विचारपूस झाली, खरं काय ते कळलं, आणि प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला, बाईंनी आराम करावा म्हणून.

ही गोष्ट सगळीकडे धाडसाची म्हणून सांगतात. धाडस आहेच, नाही कोण म्हणतं? आपल्याकडेही बायका वावरात काम करता-करता बाळंत झाल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत, त्यामुळे आपल्या बायकांना ती लगेच पटते. पण मी शेतकरी माणूस. मला या गोष्टीत आधी हिशोब दिसतो. नवव्या महिन्यात बाई नाचायला उभी का राहते? हौस म्हणून नाही.

तमाशाचा धंदा कसा चालतो ते थोडं सांगतो. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि आखाजी, फार तर बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतो. पावसाळ्यात सगळं बंद. त्या चार महिन्यांत कलाकारांची पोटं बंद राहत नाहीत. म्हणून फडमालक हंगामाआधी व्याजानं पैसे उचलतो आणि नाचणाऱ्या बाया, ढोलकीवाला, सोंगाड्या, तंबू ठोकणारे गडी या सगळ्यांना उचल देतो. मोठ्या फडात शंभरेक माणसं असतात. मग गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या पडतात, गावोगावची पंचमंडळी तिथे येतात आणि यात्रेची सुपारी ठरते. घासाघीस होते, इसार दिला जातो. तंबूचा खेळ असेल तर तिकिटावर भिस्त. अवकाळी पाऊस आला, खेळ मोडला, की पैसे गेले. कर्ज मात्र जागेवरच. आपण पेरणीला कर्ज काढतो आणि कापसावर फेडू म्हणतो, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की कापूस पडला तर पंचनामा तरी होतो.

अशा धंद्यात लोक फलकावरचं नाव वाचून येतात. विठाबाई नाहीत म्हटल्यावर त्या रात्रीचा खेळ उभा राहत नाही, आणि खेळ उभा नाही तर एवढ्या माणसांची भाकर नाही. त्या रात्री बाई पुन्हा बोर्डावर आल्या त्यामागे हे ओझं होतं, असं मला वाटतं. दगड त्यांच्या हातात होता, पण तो तिथपर्यंत आणला धंद्यानं.

नंतरच्या काळात सिनेमा वाढला, गावात व्हिडिओ आला, मग टीव्ही. रात्रभर वग बघायला बसणारी माणसं कमी झाली. नुसती गाणी लावा, वग नको, अशी मागणी येऊ लागली. आमच्या लहानपणी, म्हणजे नव्वदच्या आसपास, आमच्या गावच्या यात्रेत तमाशा यायचा तेव्हा बायकांनी तिकडं फिरकायचं नाही असा अलिखित नियम होता. आई-आजी घरी, आणि घरचे पुरुष पुढच्या रांगेत. आवाज मात्र घरापर्यंत यायचा. आजी अंधारात ओट्यावर बसून गवळण ऐकायची आणि सकाळी भाकरी थापताना तीच गुणगुणायची, हे मला चांगलं आठवतं.

विठाबाईंचे शेवटचे दिवस ओढाताणीचे गेले. दोनदा राष्ट्रपतींचा मान मिळालेली बाई, आणि हातात पैसा नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचं निधन झालं, वय ६६. दवाखान्याचं बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भागवावं लागलं.

त्यानंतर चार वर्षांनी, २००६ मध्ये, महाराष्ट्र सरकारनं तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आणि त्याला विठाबाईंचं नाव दिलं. दरवर्षी पुरस्काराची बातमी येते तेव्हा हे नाव पेपरात दिसतं. त्यांच्यावर पुस्तकही आहे, योगीराज बागूल यांचं 'तमाशा विठाबाईच्या आयुष्याचा'. वाचायची आवड असलेल्यांनी जरूर मिळवावं.

फड थांबला नाही. विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला आणि त्याही मोठ्या झाल्या. त्यांचा मुलगा नितीनकुमार बोर्डावर आहे. नारायण खुड्यांपासून मोजलं तर ही पाचवी पिढी. खुद्द विठाबाईंच्या नावाचा फडही घरच्यांनी चालू ठेवला. पाडव्याला नारायणगावात राहुट्या पडतात तेव्हा ते नाव आजही फलकावर असतं, पूर्ण, 'भाऊ मांग' सकट, आणि समोर पंचमंडळी सुपारीचा आकडा कमी करायला बसलेली असतात.