ध्रुव का तापतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वी सांगणारा शास्त्रज्ञ

हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वी किती तापेल? संगणक नसलेल्या काळात हे गणित हाताने सोडवले ते स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी.

त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९चा. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभारित कण होतात, या सिद्धांताचा पाया त्यांनी १८८४च्या प्रबंधात घातला. उप्साला विद्यापीठाच्या परीक्षकांना तो पटला नाही. त्यांनी जेमतेम उत्तीर्ण केले. पुढे याच सिद्धांतासाठी त्यांना १९०३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हिमयुगे का आली, हा प्रश्न त्यांनी १८९४च्या अखेरीस हाती घेतला. त्याच सुमारास त्यांचा संसार मोडत होता. सुमारे वर्षभराच्या आकडेमोडीनंतर १८९६ मध्ये उत्तर प्रसिद्ध झाले: तापमान ५ ते ६ अंशांनी वाढेल. आजचा अंदाज साधारण ३ अंशांचा आहे. ही वाढ ध्रुवांकडे अधिक असेल, हेही त्यांनी दाखवले. पांढरे बर्फ ऊन परत फेकते. ते वितळले की खालचा गडद समुद्र उष्णता शोषतो आणि आणखी बर्फ वितळते.

त्याच उन्हाळ्यात ते एका बलून मोहिमेसोबत उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटांवर गेले. हा ध्रुवीय अस्वलांचा मुलूख. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे ‘हिमाद्री’ हे ठाणे २००८पासून तिथेच आहे.

अऱ्हेनियस दोन बाबतींत चुकले. कार्बन दुप्पट व्हायला हजारो वर्षे लागतील, असे त्यांना वाटले. आणि वाढती ऊब थंड देशांना हितकारक ठरेल, असेही. २ ऑक्टोबर १९२७ रोजी ते वारले. त्यांनी गणित मांडले तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड ३००हून कमी होता. आता ४२०च्या वर आहे.

अस्वलाला ही ऊब मानवली नाही. ते समुद्रावरच्या बर्फावरून सील पकडते आणि त्यांच्या चरबीवर जगते. बर्फ लवकर फुटले आणि उशिरा गोठले की त्याचा उपवास लांबतो, पिल्लांना दूध पुरत नाही. कॅनडाच्या हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर १९८०च्या दशकात सुमारे १,२०० अस्वले होती. २०२१च्या पाहणीत ती ६१८ उरली.

हा वायू जगभरच्या हवेत मिसळतो. मांजरीच्या रस्त्यावर जळालेल्या पेट्रोलचा धूर अस्वलाच्या हिशेबातही जमा होतो.