हत्ती पकडायला निघालेला राजा आणि वेगाचं गणित सोडवणारे भास्कराचार्य

चंद्रपूर ते गडचिरोली अंतर साधारण 80 किलोमीटर. गाडी ताशी 40 च्या वेगाने गेली तर दोन तास लागतील, हे कुणीही सांगेल. पण वाटेत वेग सारखा बदलत राहिला तर? शाळेत इथेच भल्याभल्यांची विकेट पडायची.

आपल्याकडे 900 वर्षांपूर्वी एक माणूस या प्रश्नाला भिडला होता. भास्कराचार्य.

जन्म 1114 चा. वडील महेश्वर हेच गुरू. गाव विज्जलवीड. ते नेमकं कुठलं, यावर अभ्यासक अजून भांडतायत. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. लीलावती हा त्याचाच एक भाग.

लीलावतीत एक राजा शत्रूचे हत्ती पकडायला निघतो. पहिल्या दिवशी 2 योजनं चालतो, पुढे रोज तेवढीच वाढ. 7 दिवसांत 80 योजनं गाठतो. मग रोजची वाढ किती?

रोजच्या 2 प्रमाणे 7 दिवसांची 14 योजनं झाली. उरली 66. वाढ दुसऱ्या दिवशी एकपट, तिसऱ्या दिवशी दुप्पट, असं करत सातव्या दिवशी सहापट. एकूण 21 पट. 66 ला 21 ने भागा. उत्तर 22 सप्तमांश, म्हणजे रोज तीन योजनांहून थोडी जास्त. समान त्वरणाचाच हा भाऊ, फक्त इथे वेग रोज एकदा उडी मारून वाढतो.

खरी कमाल मात्र आकाशातल्या गणितात आहे. चंद्राची गती क्षणाक्षणाला बदलते. दिवसभराची एकच गती धरली तर तिथी कधी संपते याचा हिशोब चुकतो, आणि त्या काळी सगळे व्यवहार पंचांगावर. म्हणून भास्कराचार्यांनी चंद्रासाठी त्या क्षणाची गती काढायला सांगितलं. तिला नाव दिलं तात्कालिक गती. अख्खं कॅल्क्युलस त्यांनीच शोधलं, हे व्हॉट्सॲपवरचं जरा जास्तच आहे, पण न्यूटनच्या 500 वर्षं आधी ते त्या दारापर्यंत पोहोचले होते, हे नक्की.

1183 मध्ये, 69 व्या वर्षी त्यांनी करणकुतूहल लिहिला. पुढे नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याला मिळालेल्या दानाचा 1207 चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला. त्यातल्या शेवटच्या ओळी मराठीत आहेत.