खालिदा अदीब खानम : दोन तटांमध्ये उभी राहिलेली लेखिका

आपल्या समाजात तुर्कस्तानचे नाव निघाले की खिलाफत चळवळीचा आणि मुस्तफा केमाल पाशांचा उल्लेख हमखास होतो. त्याच काळात तुर्कस्तानात एक स्त्री होऊन गेली. तिने उच्च शिक्षण घेतले, वर्तमानपत्रांतून निर्भीडपणे लिहिले, प्रचंड सभांतून भाषणे केली, स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांबरोबर आघाडीवर काम केले आणि एवढे करूनही आयुष्याची सुमारे चौदा वर्षे तिला मायभूमीबाहेर काढावी लागली. तुर्की भाषेत तिचे नाव हालिदे एदिब. हिंदुस्थानात त्या खालिदा अदीब खानम म्हणून ओळखल्या गेल्या.

त्यांचा जन्म १८८४ साली इस्तंबूल येथे झाला. वडील एदिब बे हे सुलतान अब्दुल हमीद यांच्या खाजगी खजिन्याच्या कचेरीत चिटणीस होते. आई लहानपणीच वारली. घरात आजीची जुनी धार्मिक शिस्त, तर वडिलांना नव्या शिक्षणाची आवड. या दोन्ही संस्कारांत मुलगी वाढली. वडिलांनी तिला उस्कुदार येथील अमेरिकन मुलींच्या विद्यालयात घातले; परंतु मुसलमान मुलीने परकीय शाळेत शिकणे दरबाराला पसंत नव्हते, म्हणून तिला काही काळ शाळा सोडावी लागली. वडिलांनी हार मानली नाही. घरी शिक्षक ठेवून अभ्यास चालू ठेवला आणि पुढे पुन्हा त्याच विद्यालयात पाठवले. १९०१ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडणारी ती पहिली मुसलमान तुर्की मुलगी ठरली. पुढे जे काही घडले त्याचे बीज एका पित्याच्या या चिकाटीत आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

त्याच वर्षी त्यांचे गुरू, गणितज्ञ सालेह झकी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे झाले. १९१० साली पतीने दुसरी पत्नी करण्याचे ठरवले तेव्हा खालिदा खानम यांनी ते मान्य केले नाही व तलाक घेतला. नंतर मुलींच्या अध्यापन विद्यालयांत शिकवून आणि लेखन करून त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. १९१७ साली डॉ. अदनान यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि तो अखेरपर्यंत सुखाचा झाला.

१९०८ च्या जुलै महिन्यात तुर्कस्तानात क्रांती झाली. सुलतानांना राज्यघटना पुन्हा लागू करावी लागली आणि अनेक वर्षांची वृत्तपत्रांवरील बंधने एकाएकी सैल झाली. नवी पत्रे भराभर निघू लागली. त्यांपैकी 'तानिन' या पत्रात खालिदा खानम स्त्रीशिक्षणावर लिहू लागल्या. पण जे पत्र एका पक्षाला प्रिय, तेच दुसऱ्या पक्षाला शत्रू वाटे. घटनावादी आणि त्यांचे विरोधक असे समाजात दोन तट पडले होते. १९०९ च्या एप्रिलमध्ये इस्तंबूलमध्ये बंड झाले, तेव्हा जमावाने 'तानिन'चे कार्यालय उद्ध्वस्त केले. धमक्या येऊ लागल्याने खालिदा खानम यांना मुलांना घेऊन इजिप्तला पळावे लागले. केवळ लिहिल्याबद्दल घर सोडण्याचा हा त्यांचा पहिला प्रसंग. शेवटचा मात्र नव्हे.

त्यांच्या चरित्राची एक बाजू वादग्रस्त आहे, तीही सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धात १९१६-१७ साली त्या जमाल पाशांच्या निमंत्रणावरून सीरिया-लेबनॉनमध्ये शाळा व अनाथालयांचे काम पाहण्यास गेल्या. तेथील ऐनतुरा अनाथालयात अनाथ आर्मेनियन मुलांना तुर्की-मुसलमानी नावे देण्यात आली होती. आपण याच्या विरुद्ध होतो असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. तथापि त्या व्यवस्थेत त्यांचा सहभाग होता, म्हणून इतिहासकार आजही त्यांना जाब विचारतात. थोर व्यक्तीचे चरित्र वाचताना तिच्या उणिवांवर पांघरूण घालणे हे आपल्या विद्यार्थ्यांना शिकवू नये.

महायुद्धात तुर्कस्तानचा पराभव झाला आणि १५ मे १९१९ रोजी ग्रीक फौजा इझमीर बंदरात उतरल्या. त्यानंतरच्या काही आठवड्यांत इस्तंबूलमध्ये निषेधाच्या मोठमोठ्या सभा भरल्या. सुलतान अहमद मशिदीसमोरच्या विशाल पटांगणावर काळ्या पोशाखातील खालिदा खानम यांनी केलेले भाषण तुर्की इतिहासात अमर झाले. मार्च १९२० मध्ये दोस्त राष्ट्रांनी राजधानीचा रीतसर ताबा घेतला. तेव्हा पती-पत्नी वेषांतर करून अनातोलियात निघाली व अंकाराला केमाल पाशांना जाऊन मिळाली. इस्तंबूलच्या सरकारने केमाल पाशांबरोबर या दोघांनाही देहान्ताची शिक्षा फर्मावली.

अंकाराच्या वाटेवर त्यांनी आणि पत्रकार यूनुस नादी यांनी एक महत्त्वाचा विचार केला. राजधानीतील वृत्तपत्रे परक्यांच्या तपासणीखाली होती. खेड्यापाड्यांतील लोकांना खरी बातमी कळत नव्हती आणि अफवांचा सुळसुळाट होता. अशा वेळी लोकांचे मन वळवायचे तर स्वतःची वृत्तसंस्था हवी. यातूनच ६ एप्रिल १९२० रोजी अनादोलू वृत्तसंस्था स्थापन झाली. तारेने गावोगाव बातम्या जात आणि लोकांना कळाव्यात म्हणून ठिकठिकाणी चिकटवल्या जात. खालिदा खानम परदेशी वृत्तपत्रांचे भाषांतर करीत आणि टंकलेखन यंत्रावर मजकूर स्वतः तयार करीत. पुढे १९२१ मध्ये साकार्याच्या लढाईच्या वेळी त्या सैन्यात दाखल झाल्या आणि नाईकाच्या हुद्द्यापासून त्यांनी आघाडीवर सेवा केली. या अनुभवावरील त्यांची 'अग्निवस्त्र' या अर्थाच्या नावाची कादंबरी १९२२ साली प्रसिद्ध झाली.

विजय मिळाला, २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताक जाहीर झाले. पण परक्यांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेली माणसे आता एकमेकांपासून दुरावली. डॉ. अदनान, रऊफ बे, काझिम कारा बकिर पाशा इत्यादींनी नोव्हेंबर १९२४ मध्ये प्रागतिक प्रजासत्ताक पक्ष काढला. सुधारणा हव्यात, परंतु सर्व सत्ता एका हाती नको, अशी त्यांची भूमिका होती. फेब्रुवारी १९२५ मध्ये पूर्वेकडे शेख सईद यांचे बंड झाले. मार्चमध्ये शांतता राखण्याच्या नावाखाली एक कडक कायदा आला. त्याच्या आधारे अनेक वृत्तपत्रे बंद पडली, संपादकांवर खटले झाले आणि जूनमध्ये नवा पक्षही बरखास्त झाला. खालिदा खानम व डॉ. अदनान परदेशी गेले. १९२६ साली केमाल पाशांच्या खुनाच्या कटाच्या खटल्यात डॉ. अदनान यांचेही नाव गोवण्यात आले. त्यांची निर्दोष सुटका झाली, पण परतीची वाट बंदच राहिली.

१९२७ साली केमाल पाशांनी आपल्या पक्षाच्या परिषदेपुढे सहा दिवस मिळून सुमारे छत्तीस तास भाषण करून स्वातंत्र्ययुद्धाची हकीकत सांगितली. त्यात जुन्या सहकाऱ्यांवर कठोर टीका होती. खालिदा खानम यांनी १९१९ साली अमेरिकेच्या देखरेखीचा पर्याय सुचवणारे जे पत्र लिहिले होते, तेही त्यात वाचले गेले. देशात याला उत्तर देण्यास वृत्तपत्र उरले नव्हते. म्हणून त्यांनी आपली बाजू इंग्रजी आठवणींच्या १९२८ च्या दुसऱ्या खंडात मांडली. तुर्की वाचकांच्या हाती तो ग्रंथ स्वभाषेत १९६२ साली पडला, तोही टीकेची धार कमी होऊन. एका बाजूचे म्हणणे जनतेला ऐकू येण्यास तीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला!

या वनवासातच त्या हिंदुस्थानात आल्या. १९१२ साली बाल्कन युद्धात जखमी तुर्कांच्या सेवेसाठी वैद्यकीय पथक घेऊन गेलेले डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांनी त्यांना दिल्लीच्या जामिया मिल्लियामध्ये व्याख्यानांसाठी बोलावले. १९३५ च्या आरंभी त्यांनी तेथे तुर्कस्तानातील पूर्व-पश्चिम संघर्षावर व्याख्याने दिली. महात्मा गांधी व इतर पुढाऱ्यांना त्या भेटल्या. मुंबईसह अनेक शहरे त्यांनी पाहिली आणि १९३७ साली हिंदुस्थानावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. हिंदू-मुसलमानांनी मिळून एक राष्ट्र घडवावे याकडे त्यांचा स्पष्ट कल होता.

केमाल अतातुर्क यांच्या निधनानंतर १९३९ साली पती-पत्नी मायदेशी परतली. १९४० पासून खालिदा खानम इस्तंबूल विद्यापीठात इंग्रजी साहित्य विभागाच्या प्रमुख झाल्या. डॉ. अदनान यांनी इस्लामी विश्वकोशाच्या तुर्की आवृत्तीचे संपादन केले. ज्या पक्षाच्या राजवटीत त्या देशाबाहेर राहिल्या, त्याच पक्षाचे कादंबरीचे पारितोषिक १९४२ साली त्यांच्या कादंबरीला मिळाले. १९५० च्या निवडणुकीत सत्तांतर झाले, तेव्हा डेमोक्रॅट पक्षाच्या यादीतून पण अपक्ष म्हणून त्या इझमीरहून निवडून आल्या. नवे सत्ताधारीही विरोधकांशी जुन्याच रीतीने वागू लागलेले पाहून १९५४ साली त्यांनी राजकारणाचा निरोप घेतला. ९ जानेवारी १९६४ रोजी इस्तंबूलमध्ये त्यांचे निधन झाले.

तुर्की समाजातील ही दुफळी अद्याप मिटलेली नाही. २०२३ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत एका बाजूला सुमारे ५२ आणि दुसऱ्या बाजूला सुमारे ४८ टक्के मते पडली. कोणते पत्र वाचतो यावरून माणसाचा पक्ष ओळखावा, ही तेथील फार जुनी सवय आहे. ती आपल्यालाही लागू शकते.

विद्यार्थी मित्रांनो, खालिदा खानम यांचे सर्वच निर्णय बरोबर होते असे नाही. परंतु धर्मावरील श्रद्धा आणि नवे ज्ञान यांपैकी एकच निवडा, असे सांगणाऱ्या दोन्ही तटांना त्यांनी नकार दिला आणि त्या नकाराची किंमत मोजली. बातमी एकाच बाजूने ऐकून मत बनवू नये, विरोधी मताच्या माणसाला देशद्रोही ठरवण्याची घाई करू नये, हा धडा त्यांच्या आयुष्यातून घेण्यासारखा आहे. आणि पालकांना नम्र विनंती एवढीच की, आपल्या मुलीची शाळा मध्येच सुटली असेल तर एदिब बे यांच्याप्रमाणे तिला पुन्हा शाळेच्या दारापर्यंत घेऊन जावे. इन्शाअल्लाह, त्या श्रमांचे फळ संपूर्ण समाजाला मिळेल.